बंद शिरेतला श्वास

त्या हिवाळ्यात माझं काम साधं होतं. चाकांवरचं सोनोग्राफीचं यंत्र ढकलत अतिदक्षता विभागात जायचं, एकेका रुग्णाची चादर मांडीपर्यंत सारायची आणि पायाच्या शिरा दाबून बघायच्या. निरोगी शीर प्रोबने दाबली की मिटते, ओठ मिटावेत तशी. गुठळी असेल तर मिटत नाही; पडद्यावर गोल, राखाडी, तशीच दिसत राहते. मग मी डॉप्लरचा आवाज वाढवायची. वाहत्या रक्ताला आवाज असतो. धमनीतलं रक्त ठोके देतं, शिरेतलं मात्र श्वासाबरोबर चढतं-उतरतं, लांबून समुद्र ऐकू यावा तसं. बंद शिरेत काहीच ऐकू येत नाही. मी विभागातल्या डॉक्टर गास्तोनकडे बघून मान हलवायची, तो रक्त पातळ ठेवणारं औषध वाढवायचा आणि मी पुढच्या पलंगाकडे वळायची.

साथीचा आजार फुप्फुसांचा होता, पण आम्हाला रडवलं ते रक्ताने. तापाने आलेला माणूस चार दिवसांत सावरतोय असं वाटायचं, आणि मग त्याचा पाय सुजायचा, बोटं काळी पडायची, किंवा बोलता बोलता तो छातीला हात लावायचा आणि संपायचा. डायलिसिसच्या नळ्या आतून बुजायच्या. मनगटात घातलेली सुई सकाळी बसवली की दुपारी बदलावी लागायची. गास्तोन उयोआ हा राजधानी सांतियागोहून आलेला, विभागाचा प्रमुख, माझ्याहून बराच लहान. तो म्हणायचा, "आम्पारो, इथे डॉक्टर नकोत, प्लंबर हवेत." पहिल्या महिन्यात आम्ही त्यावर हसलो होतो.

मी कास्त्रोचीच, याच बंदरगावची. वडील होड्या बांधायचे. चिलोएच्या बेटांवर प्रत्येक घरात एखादी तरी भुताची गोष्ट असते, आमच्याही होती, आणि ती सांगताना आई चुलीत लाकूड सारायची तेवढीच मला आठवते. गोष्ट आठवत नाही. शिकायला मी मुख्य भूमीवर गेले, परत आले, आणि आयुष्यभर काळ्या पडद्यावर दिसेल तेच खरं मानत आले. हे आधीच सांगून ठेवते.

एरिबेर्तो चिग्वाय जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यातल्या पावसात केउई बेटावरून लाँचने आला. पाणबुड्या. तळाशी जाऊन शिंपले आणि समुद्री साळू काढणारा. रुंद छाती, मानेवर रबरी पोशाखाचा कायमचा वळ. धक्क्यावरून तो चालत रुग्णालयात आला होता, आणि संध्याकाळच्या आत त्याला व्हेंटिलेटर लावावा लागला. नळी घालण्यापूर्वी गास्तोनने त्याला समजावलं की आता यंत्र तुमच्यासाठी श्वास घेईल. "पंप चांगला आहे ना?" एवढंच त्याने विचारलं.

बायको एदेल्मिरा घरीच होती. तिलाही ताप येऊन गेला होता, पण ती म्हणे बरी होती. तशीही भेटायला कुणालाच परवानगी नव्हती.

काही दिवसांनी त्याची उजवी मांडी सुजली. मी यंत्र नेलं, जांघेतली शीर दाबली. मिटली नाही. आत गुठळी होती, काठोकाठ भरलेली, वर पोटाकडे जाणारी. अशा अनेक पाहिल्या होत्या. सवयीने मी डॉप्लरचा आवाज वाढवला, काही ऐकू येणार नाही हे ठाऊक असूनही.

आवाज आला.

आधी वाटलं, शेजारची धमनी असेल. पण ठोके नव्हते. तो चढत होता आणि उतरत होता. दोन आखूड, मग एक लांब, आणि लांबच्या शेवटी किंचित अडकल्यासारखं. पुन्हा दोन आखूड, एक लांब. मी व्हेंटिलेटरकडे पाहिलं. तो आपल्या ठरलेल्या गतीने, घड्याळासारखा हवा ढकलत होता. एरिबेर्तोची छाती त्याच्या तालावर हलत होती. शिरेतला आवाज त्या तालावर नव्हता. कितीतरी सावकाश होता तो, आणि ओबडधोबड. यंत्राचा नव्हता. माणसाचा होता.

मी प्रोब पुसला, पुन्हा लावला. यंत्र बंद करून चालू केलं. डाव्या पायावर ऐकलं, तिथली शीर मोकळी होती आणि व्हेंटिलेटरच्या तालावर नीट वाहत होती. शेजारच्या पलंगावर एका शिक्षकाच्या पोटरीत तशीच बंद शीर होती, तिथे ऐकलं. शांतता. परत उजव्या मांडीवर आले. दोन आखूड, एक लांब.

अहवालात मी "शीर पूर्ण बंद" असं लिहिलं आणि पुढे गेले. यंत्र जुनं आहे, दिवस लांबलाय, असं काहीबाही मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी एक्स-रे विभागातलं दुसरं यंत्र मागून घेतलं. चादर सारायला नोल्फा कार्कामो होती, तिथली सगळ्यात जुनी परिचारिका, तोंडाने फटकळ आणि हाताने हळुवार. मी आवाज वाढवला. नोल्फा एरिबेर्तोच्या पायाखाली उशी सारत होती. ती तशीच वाकून थांबली.

"हा कोण श्वास घेतोय, बाई?" तिने विचारलं.

"तुला काय ऐकू येतंय?"

"तेच. कुणीतरी झोपलंय असं."

ती विभागभर फिरून आली. प्रत्येक पलंगापाशी थांबली, प्रत्येकाची छाती पाहिली, मॉनिटर पाहिले. सगळेच यंत्रावर होते. असा श्वास घेणारं तिथे कुणी नव्हतं. परत येऊन तिने एरिबेर्तोच्या मांडीवरचं जेल पुसलं, जरा जास्तच काळजीने.

"उयोआ डॉक्टरांना सांगू नका," ती म्हणाली. "तो पोरगा आधीच झोपत नाही."

मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काय होतं? पण मी रोज जायला लागले. त्याची शीर रोज तपासायची काही गरज नव्हती, तरी जायची. आवाज रोज असायचा. कधी कधी तो मध्येच घोटल्यासारखा व्हायचा, खोकला दाबावा तसा, आणि पुन्हा लयीत यायचा. मला त्याची भीती वाटायची असं म्हणता येणार नाही. लाज वाटायची. बंद दाराला कान लावून कुणाचं तरी झोपणं ऐकत उभं राहावं, तशी.

जेवणाच्या सुमारास गास्तोन नातेवाइकांना फोन करायचा. एका दुपारी मी तिथेच होते. त्याने एदेल्मिराला फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू केला.

"काही खातो का तो?" तिने विचारलं. आवाज घोगरा, पण खणखणीत.

"नळीतून देतोय, सेन्योरा. हवाही नळीतून, जेवणही नळीतून."

"नळीची आमच्या म्हाताऱ्याला सवयच आहे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तो खाली आणि मी होडीत. पंप मी चालवते, नळी मी धरते. त्याला सांगा, नळी माझ्या हातात आहे म्हणावं."

"सांगतो. तुमची तब्येत?"

"मला काय झालंय. चुलीचा धूर जातो छातीत, तेवढंच."

मग ती शेजारणीच्या गाईबद्दल काहीतरी सांगू लागली आणि मध्येच थांबली. फोनमधून फक्त तिचा श्वास येत होता. गास्तोन कागद चाळत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

दोन आखूड. एक लांब. शेवटी किंचित अडकल्यासारखा.

नोल्फा औषधांच्या कपाटापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण हातातली बाटली तिने जागेवर ठेवली आणि कपाटाला टेकून उभी राहिली.

"ऐकताय ना?" फोनमधून एदेल्मिरा म्हणाली.

"ऐकतोय, सेन्योरा," गास्तोन म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस वादळ होतं. बंदर लहान होड्यांसाठी बंद झालं. खाडीतलं पाणी खांबांवरच्या घरांच्या जमिनीपर्यंत चढायचं आणि उतरलं की चिखलात होड्या कुशीवर पडलेल्या दिसायच्या. रुग्णालयाच्या छतावर पाऊस इतका वाजायचा की बोलताना ओरडावं लागायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एरिबेर्तोपाशी गेले, प्रोब ठेवला आणि आवाज वाढवला.

लय मोडली होती. आखूड, आखूड, आखूड, कुत्र्याने धापा टाकाव्यात तसं. मग काहीच नाही. मग एकदम एक ओढ, पोत्यातून धान्य सांडावं तसा खरखरीत आवाज, आणि पुन्हा धापा. व्हेंटिलेटर शेजारी निवांत चालला होता. एरिबेर्तोची नाडी, दाब, प्राणवायू, सगळं कालच्यासारखंच होतं.

मी गास्तोनच्या खोलीत गेले.

"एदेल्मिराला फोन लाव."

"आत्ता?"

"लाव."

फोन लागला नाही. पुन्हा लावला. तरी लागला नाही.

"वादळात तिकडे सिग्नल जातो," गास्तोन म्हणाला. "काय झालंय?"

"तिच्या फुप्फुसात गुठळी गेलीय असं मला वाटतं."

त्याने डोळे चोळले. "तू तिला तपासलंस?"

"नाही."

"ती बोलली तुझ्याशी?"

"नाही."

"मग, आम्पारो?"

मी त्याला विभागात नेलं आणि आवाज ऐकवला. तो बराच वेळ ऐकत उभा होता. हुशार मुलगा होता. मी केलं होतं तेच सगळं त्याने केलं. व्हेंटिलेटर पाहिला, दुसऱ्या पायावर ऐकलं, वायर हलवून पाहिली. शेवटी म्हणाला, "हे काय आहे मला माहीत नाही. पण यावरून मी बंद बंदरातून लाँच सोडायला सांगू शकत नाही. काय सांगू त्यांना?"

"सांग, तिचा फोन आला होता. छातीत दुखतंय म्हणाली, आणि फोन तुटला."

"हे खोटं आहे."

"हो," मी म्हटलं.

त्याने आधी केउईच्या आरोग्य केंद्राला वायरलेस केला. तिथे एलिसेओ रैन नावाचा आरोग्यसेवक एकटाच असायचा. तो पावसात टेकडी चढून गेला. बऱ्याच वेळाने वायरलेसवर त्याचा आवाज आला, धापा टाकत. दार आतून बंद होतं, ते त्याने मोडलं. एदेल्मिरा स्वयंपाकघरात चुलीपाशी पडली होती. ओठ निळे. डावा पाय दुप्पट झालेला. चूल विझली होती, म्हणजे ती बराच वेळ तशीच होती.

बंदराच्या लोकांनी मग आढेवेढे घेतले नाहीत. नौदलाची मोठी लाँच गेली आणि तिला घेऊन आली. तिच्या दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या होत्या, डाव्या मांडीतून निघालेल्या. गास्तोनने गुठळी विरघळवणारं औषध दिलं आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. दुपारपर्यंत तिच्या ओठांना रंग आला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्या मॉनिटरकडे वळला.

तिला खालच्या मजल्यावर ठेवलं. एलिसेओ लाँचबरोबर आला होता, ओल्या कपड्यांनी व्हरांड्यात उभा होता.

"तिचा फोन आला म्हणालात," तो मला म्हणाला. "पण तिचा फोन तर फळीवर होता. बंद. चार्जिंग संपलेलं."

"आधी आला असेल," मी म्हटलं.

"वादळ सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडे वीज नाही, डॉक्टरबाई."

तो भांडायला आला नव्हता. त्याला फक्त ते मला सांगून टाकायचं होतं, आपल्याजवळ ठेवायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी वर जाऊन एरिबेर्तोची शीर ऐकली. काहीच नव्हतं. बंद शीर असायला हवी तशी, मुकी. मला सुटल्यासारखं वाटलं. नोल्फा मात्र म्हणाली, "आता तो एकटा पडला."

एरिबेर्तो त्याच आठवड्यात गेला. सकाळी, नळी बदलत असताना. औषध पूर्ण मात्रेत चालू होतं, तरी मांडीतली गुठळी तुटून वर गेली. मी पोचले तेव्हा पलंग पुसत होते. गास्तोन खिडकीपाशी पाठ करून उभा होता. "दुपारी मी तिला सांगतो," तो म्हणाला. "जरा वेळ दे मला."

माझी खालच्या मजल्यावरची तपासणी त्याआधी होती. टाळता आली असती. पण एदेल्मिराच्या पायात किती गुठळी उरलीय हे कळल्याशिवाय तिचं औषध ठरणार नव्हतं.

पहिल्यांदाच मी तिला शुद्धीत पाहत होते. ठेंगणी, कणखर बाई, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. हाताचे तळवे माझ्या वडिलांसारखे, दोरीने घासून गुळगुळीत झालेले. नाकात प्राणवायूची नळी होती.

"तुम्ही त्या ऐकणाऱ्या डॉक्टरबाई," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"एलिसेओ. इथल्या नर्सबाईंनी त्याला सांगितलं, आणि त्याच्या पोटात काही राहतं का?" ती जरा हसली. "म्हातारा कसा आहे?"

"आधी पाय बघू," मी म्हटलं.

डावी मांडी. शीर दाबली. वरचा भाग औषधाने मोकळा झाला होता, खालचा अजून भरलेला होता. मी माप घेतलं. डॉप्लरच्या बटणाला हात लावायचा नाही असं ठरवून आले होते. सवयीने लागला.

एक लांब ओढ. मग थांबणं. इतकं लांब थांबणं की संपलं असं वाटावं. मग सावकाश, अगदी सावकाश सोडणं. पुन्हा एक लांब ओढ.

एदेल्मिराचा स्वतःचा श्वास तिच्या छातीवर मला दिसत होता. दोन आखूड, एक लांब.

तिने डोळे मिटले. चादरीवरची तिची बोटं हळूहळू वळली, जाड काहीतरी सैलसर धरावं तशी.

"खोल गेलाय," ती म्हणाली.

मी प्रोब तसाच धरून ठेवला.

"खोल गेला की असाच घेतो. एक मोठा घ्यायचा, धरायचा, मग सावकाश सोडायचा. हवा पुरवून वापरतो. नळीला हात लावला की मला वर कळतं." तिने डोळे उघडले. "व्हेंटिलेटर काढला वाटतं त्याचा. आपला आपण घेतोय."

हे गास्तोनवर सोडता आलं असतं. पण ती माझ्याकडे पाहत होती आणि आवाज चालू होता.

"एदेल्मिरा," मी म्हटलं, "एरिबेर्तो आज सकाळी गेला."

तिने मान कलती करून माझ्याकडे पाहिलं. हवामान चुकीचं सांगणाऱ्या माणसाकडे बेटावरचे लोक पाहतात, तसं. राग नव्हता त्यात.

"मग हा कोण?" तिने विचारलं.

लांब ओढ. थांबणं. सोडणं.

मी यंत्र बंद केलं.

"बंद करू नका, डॉक्टरबाई."

मी पुन्हा चालू केलं. गास्तोन खाली येईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो. ती रडली ती त्याच्यासमोर, तो बोलू लागल्यावर, आणि तेही मला वाटतं त्याला बरं वाटावं म्हणून.

शवपेटी सील करून लाँचने केउईला गेली. एदेल्मिरा त्यानंतर बऱ्याच दिवसांनी घरी गेली, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची पिशवी घेऊन. जन्मभर घ्याव्या लागतील, असं गास्तोनने तिला दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा हो म्हणाली.

उन्हाळ्यात आरोग्य खात्याची फेरी बेटांवर निघाली. केउईचं नाव दिसल्यावर मी आपणहून माझं नाव दिलं. का, हे तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. हातात मावणारं नवं यंत्र बरोबर होतं.

निरभ्र दिवस होता. धक्क्यावरून तिच्या घराची वाट सफरचंदाच्या झाडांतून वर जाते. समोर समुद्र चकाकत होता, इतका संथ की त्यावर चालत जावंसं वाटावं. एदेल्मिरा ओसरीवर बटाटे किसत बसली होती. मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्या, करायच्या होत्या. मला पाहून तिने हात पुसले, माते, आमच्याकडचा पाल्याचा कडू चहा, करून दिलं, धुरावलेल्या शिंपल्यांची माळ खिळ्यावरून काढून पुढे ठेवली.

"खा. हे अजून त्याने काढलेले आहेत. संपत आले."

खाऊन झाल्यावर ती बाकावर आडवी झाली आणि मी न सांगता तिने डावा पाय पुढे केला.

शीर अजून बंद होती. इतक्या महिन्यांनी गुठळी विरघळायला तरी हवी होती, किंवा आकसून बाजूने वाट तरी मोकळी व्हायला हवी होती. ही तशीच होती, भरीव, ताजी. मी आवाज वाढवला. लांब ओढ, थांबणं, सावकाश सोडणं. रुग्णालयात ऐकला होता त्याहून निवांत.

फळीवर गोळ्यांची खोकी एकावर एक रचलेली होती. एक सोडून कुठल्याच खोक्याचं सील तुटलेलं नव्हतं.

"तुम्ही गोळ्या घेत नाही."

"पहिल्या आठवड्यात घेतल्या," ती म्हणाली. "गोळी घेतली की त्याला दम लागतो."

मी तिला समजावलं. सगळं, शांतपणे, मला जमेल तितक्या सोप्या शब्दांत. गुठळी केव्हाही तुटेल, फुप्फुसात जाईल, आणि पुन्हा ती त्या चुलीपाशी पडेल. तिने पूर्ण ऐकून घेतलं. शाळेतल्या पोराचं पाठांतर ऐकावं तसं.

"या वेळी मला कळणार नाही," मी म्हटलं. "या वेळी मला ऐकू येणार नाही, एदेल्मिरा."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मग ती जरा वळली आणि तिने उजवा पाय बाकावर लांब केला. "आता हा बघा. परवापासून जड झालाय."

पोटरी ताठ होती, कातडी चकाकत होती. मी प्रोब ठेवला, दाबला. शीर मिटली नाही.

मी आवाज वाढवला.

इथेही श्वास होता. एरिबेर्तोचा नव्हता. तिचाही नव्हता. उथळ, जरा घाईचा, टेकडी चढून आलेल्या माणसाचा. कुठेतरी ऐकलेला वाटत होता, पण कुठे ते आठवेना.

नीट ऐकू यावं म्हणून मी श्वास रोखला.

आवाज थांबला.

बाहेर सफरचंदाच्या झाडात कसला तरी पक्षी फडफडला. पडद्यावर राखाडी शीर स्थिर होती. प्रोबवरचं बोट माझ्याने हलवेना.

एदेल्मिराने हात पुढे करून माझं मनगट धरलं, सैलसर, बोटं गोल वळवून.

"सोडा आता, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "किती वेळ धरून ठेवाल."